काठावरचा ढीग

कडक काळ्या मातीवर पाणी पडलं की येणारा वास मला आवडत नाही. परसात शौचालयाचा खड्डा खणायचा होता, तेव्हा माती मऊ व्हावी म्हणून आदल्या दिवशी आम्ही तिथे पाणी सोडलं होतं. पुरुषभर खोल उतरून दीर खणत होते. सासूबाईंना वाफ्यासाठी माती हवी, म्हणून ती काठावरच साठत होती. ढिगालगत जमिनीला पडलेली भेग रुंदावत चाललेली मला दिसली. “भावजी, वर या.” “हातभर राह्यलंय, वैनी. तुमी लय भिता.” “मग मीच खाली येते,” म्हणत मी शिडीकडे वळले, तसे ते कुरकुरत चढले. त्यांनी काठ सोडला आणि ढिगासकट ती बाजू आत कोसळली. फावडं गडप झालं. सासूबाईंनी वाफ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आज माझ्या मुलाच्या घरी शौचालयाचा खड्डा मजूर खणतायत. मी माती लांब टाकायला लावली आहे. सगळे मला भित्री म्हणतात, म्हणू देत.