पित्ताची गोळी

कुंडलच्या स्टँडजवळ एका केमिस्टचं औषधाचं दुकान आहे. माझी उदासीवरची गोळी ते वर्तमानपत्रात गुंडाळून देतात आणि इतर गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणतात, "ही तुमची पित्ताची." बोलताना हातातली कात्री हवेतच चालू असते.

पहिल्या आठवड्यात माझी तगमग उलट वाढली, बसल्या जागी पाय हलत राहायचा. मी चिडून गेलो, तर म्हणाले, "सर, मेंदूत सेरोटोनिन एकच, पर एका जागच्या पेशीला गप करतं, दुसऱ्या जागच्या पेशीला उठवून बसवतं. क्यानलचं पाणी एकच असतंय न्हवं? त्येच पाणी ऊस पितो आन हरभरा पिवळा पडतो. बसंल घडी, जरा दम धरा."

मी दम धरला. पाय मात्र हलतच राहिला.

काल एक काकू सुनेला घेऊन आल्या. डॉक्टरांनी सुनेला दिलेली गोळी डोक्याची आहे हे त्यांना कळलं होतं. "येड्याची गोळी आमच्या घरात नको. नुस्तं टॉनिक द्या." सून खाली बघत उभी होती.

दुकानदारांनी कात्री ठेवली, खिशातून गोळ्यांची पट्टी काढली आणि सगळ्यांदेखत एक गोळी गिळली. "आवं काकू, मी सा वर्सं हीच घेतोय. येडा दिसतोय का?"

काकूंनी सुनेच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. माझा पायही हलायचा थांबला. वाटलं, आपल्याला सोबत आहे.

ते आत वळल्यावर मी काउंटरवर राहिलेली त्यांची पट्टी उलटून पाहिली. खरोखरच पित्ताची होती.

पाय पुन्हा हलू लागला.