बियाण्याची कोठी आणि माझ्या मुंजीचे ताट

माझ्या धाकट्या भावाने आईची देवी करून टाकली आहे. तिच्या तेराव्याला, स्नेहलतागंजातल्या आपल्या घरी, त्याने गहिवरून सांगितले की थोरल्याच्या मुंजीत पीठ संपले तेव्हा आईने हसतमुखाने बियाण्याचा गहू दळून पाहुण्यांना पोळ्या वाढल्या. नाही म्हणणे तिला ठाऊकच नव्हते. जमलेल्यांनी डोळे पुसले. त्या मुंजीत हा वक्ता पाळण्यात होता. मुंज माझी होती.

मध्यभारत राज्य तेव्हा नवे होते. परदेशीपुऱ्यापलीकडे आमची काळी जमीन होती. त्या साली गव्हावर तांबेरा पडला. जे धड दाणे हाती आले ते आईने स्वतः निवडून, राख चोळून, कार्तिकातल्या पेरणीसाठी मातीच्या कोठीत बंद केले. धान्यावरच्या सरकारी कंट्रोलमुळे बाजारात गहू मिळत नव्हता. अशात वैशाखात मुंज ठरली. राजवाड्याजवळ राहणारे आमचे काका पूर्वी संस्थानी दरबारच्या कचेरीत होते. दरबार गेला, ऐट राहिली. ते आदल्या दिवशीच आपले सगळे स्नेही घेऊन हजर झाले आणि सकाळपर्यंत गव्हाचे पीठ संपले. आईने ज्वारीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या.

काका स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "वहिनी, कोठी उघडा. आपल्या घराण्यात मुंजीला भाकरी वाढत नाहीत."

आई कोठीला पाठ लावून उभी राहिली. "आणि कार्तिकात काय पेरू, भावजी? घराणे?"

"लोक काय म्हणतील?"

"आधी जेवतील, मग म्हणतील."

वडील अंगणात उपरणे सारखे करत राहिले. त्यांच्या या शौर्यावर भाऊ कधी बोलत नाही.

मग मातृभोजन झाले. मुलाने आईच्या ताटात जेवण्याची ती शेवटची वेळ, म्हणून ताट गोडाधोडाचे असते. आईने त्यात ज्वारीची भाकरी कुस्करली, तूप-गूळ घातला आणि साऱ्या सोवळ्या नजरांसमोर मला पहिला घास भरवला. काका न जेवता टांग्यात बसले. पुढे कित्येक वर्षे नातलग तिला हट्टी, कद्रू, कुणबीण म्हणत. कार्तिकात मात्र आमचे शेत पेरले गेले. त्याच गव्हावर आम्ही भाऊ शिकलो, वक्तासुद्धा.

जमिनीवर कॉलनी उठेपर्यंत तिने शेत केले. नंतर फ्लॅटमध्येही दुकानातला गहू तळहातावर घेऊन ती म्हणे, "हा पेरण्याजोगा नाही." अशा बाईला निमूट ठरवणे ही भक्ती नव्हे. जिवंतपणी जिला सोसता आले नाही, तिला फोटोत गप्प बसवण्याची ती सोय आहे.

वर्षश्राद्धानंतरचे जेवण मी माझ्याकडे ठेवले. भाऊ तेच भाषण पुन्हा करणार होता आणि या खेपेला नातवंडे ऐकायला होती. मी आधी उठलो आणि वर लिहिले ते सगळे सांगितले. त्याचा मुलगा म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, क्या फर्क पड़ता है." मी म्हटले, फरक आता ताटात येईल.

भाकऱ्या आल्या तसा भाऊ माझ्या कानाशी वाकला. "दादा, व्याही आलेत. लोक काय म्हणतील?"

कुजबुज ऐकून शेजारची नातवंडे हसली. आईचे उत्तर त्यांनी नुकतेच ऐकले होते, मला द्यावे लागले नाही. भावाने दातांचे निमित्त सांगून पोळी मागितली. पोळी केलेलीच नव्हती.