घुग्घुसची धूळ

बदलीवर चंद्रपूरला नवा होतो तेव्हाची गोष्ट. घुग्घुस आलं की एसटीतले सगळे खिडक्या लावून घेत, कारण समोरून कोळशाचे ट्रक येत. माझ्या शेजारच्या माणसानं मात्र खिडकी उघडली आणि मांडीवरचा प्लॅस्टिकचा रणगाडा तिच्यापाशी धरला. खोक्यातले सुटे भाग त्यानं घरीच जोडले होते. हिरवा रंग अजून ओलसर होता.

"खिडकी लावा ना," मी खोकत म्हणालो.

"जरासे थांबा भाऊ, धूळ बसून राह्यली. कोरा रणगाडा कोणाले खरा वाटते?"

मग त्यानं हलकी फुंकर मारली, बोटानं तोफ फिरवून पाहिली आणि खूश झाला. माझ्या काळवंडलेल्या सदऱ्याकडे बघत म्हणाला, "आता तुमी बी इथलेच वाटता."

घरी आल्यावर मी सदरा झटकला नाही. तसाच खुंटीला लावला.