निळ्या पन्नीची खबर

टीव्हीवर सांगून राहिले होते की नशेच्या नवनव्या गोळ्या जगभर निघतात, अन् त्यांच्यावर नजर ठेवायले ऑफिसं आहेत. मले माझी बायको आठवली. तिच्यापाशी फक्त खराटा होता.

तेव्हा आमचा भाग मध्यप्रदेशात होता. आमचं पोलाद प्लांटचं क्वार्टर सेक्टर सहामध्ये. मागच्या पडीक जागेत संध्याकाळी पोट्टे बसत, सकाळी झाडताना हिले गोळ्यांच्या रिकाम्या पन्न्या सापडत. तिचा लहान भाऊ प्लांटात लागायच्या आशेनं आमच्याकडेच राहे. धास्ती त्याचीच.

लाल पन्नी ओळखीची होती. एका हिवाळ्यात निळी आली. हिनं ती पदराले बांधून संक्रांतीच्या हळदीकुंकवाले नेली. वाण घेता घेता बायकायले विचारलं, "तुमच्याकडं आली का ही?"

सेक्टर दहाची म्हणे, "दिवाळीपासून." पावर हाउसच्या वस्तीतली म्हणे, "आमच्याकडं त्याच्याही आधी."

घरी येऊन मले म्हणे, "तिकडं नवीन दिसलं की समजायचं, आता आपल्या दारी येते."

"तू काय पोलीस आहेस?"

"पोलिसाच्या घरी माझा भाऊ राहते काय?"

अन् कपडे भिजवताना त्याच्याच पॅन्टच्या खिशात निळी पन्नी निघाली. ती ओरडली नाही. सकाळी त्याच्या हाती खराटा दिला.

"ताई, झोप येत नाही म्हणून घेतो."

"झोप नाही ना येत? मग झाड."

दवाखान्यात मी नेत होतो, अंगणात ती उभी राहे. पन्न्या त्यालेच उचलायले लावे. "ही कोणती?" विचारलं की तो फटकन सांगे. तेवढं ऐकून तिचं तोंड उतरे.

बऱ्याच दिवसांनी एक पिवळी सापडली. त्यानं उलटीसुलटी करून पाहिली. "ही मले नाही माहीत, ताई."

ती पायरीवर बसली अन् पदर तोंडाले लावला.

"आईशपथ, खरंच नाही माहीत!"

"म्हणून तं रडून राहिली, गाढवा."

यंदा ती गेली. तेरवीनंतर साळा थांबला होता. आता तोही म्हातारा. सकाळी अंगणात खराट्याचा आवाज आला, मी तसाच पडून ऐकत राहिलो. थोड्या वेळानं तो आत आला, हातात पन्नी.

"भाऊजी, ही नवी दिसते. मले ओळखू नाही येत."

दाखवायची कोणाले, ते दोघायलेही समजेना. मग सुनेले हाक मारली. म्हटलं, जपून ठेव, संक्रांतीले बायकायले विचार.