मोज्यांचा दुसरा जोड

थॉर्नमथच्या महिला टेनिस चषकावर हिल्डा ट्रुइनचं नाव नव्हतं. पाच वेळा अंतिम फेरी गाठली, पाचही वेळा हरली. गावातल्या बायका तिच्या नवऱ्याच्या दुकानातून मटण नेताना तिच्या तोंडावर तिला ‘उपविजेत्या बाई’ म्हणत. यंदा डॉक्टरांनी तिचा गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं, एवढा उन्हाळा खेळा, मग बास. हे फक्त नवऱ्याला, क्लेमला, ठाऊक होतं.

सहाव्या अंतिम सामन्यात पहिला सेट तिने घेतला आणि झिमझिम सुरू झाली. हिल्डाने बुटांवरून जाड लोकरीचे मोजे चढवले. ओल्या गवतावर पाय घसरू नये म्हणून इथल्या जुन्या खेळाडू तसंच करतात. पहिला जोड भिजला की घालायला दुसरा पिशवीत होता. समोरची रोझलिंड लंडनची, विशीतली. तिला हे कोण सांगणार? दोनदा घसरली, मग सपशेल आडवी झाली. दुसऱ्या सेटमध्ये हिल्डा चार-एक अशी पुढे गेली. आणखी दोन गेम, की चषक तिचा.

बाजू बदलताना हिल्डाने पिशवी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. स्वतःचाच तिला भयंकर राग आला होता.

“घाल हे,” म्हणत तिने कोरडे मोजे रोझलिंडच्या मांडीवर टाकले.

“आणि तुम्हाला, मिसेस ट्रुइन?”

“पाच जणींनी मला हरवलं, तेव्हा मी पायांवर उभी होते. पडलेलीला हरवून मी काय मिरवू? घाल मुकाट्याने.”

कुंपणापाशी क्लेमने कपाळाला हात लावला.

रोझलिंडचे पाय आता ठरू लागले. तो सेट तिने खेचून नेला. तिसऱ्यात पाच-पाच झाले तेव्हा हिल्डाचे मोजे भिजून लोंबत होते, आणि बदलायला जोड नव्हता. रोझलिंड एका गेमने पुढे गेली. शेवटचा चेंडू कोपऱ्यात आला, हिल्डा वेळेवर पोचलीसुद्धा, पण पाय सटकला. ती पडली तिथेच क्षणभर बसून राहिली.

टाळ्या ओसरल्यावर रोझलिंड चषक काखेत धरून आली. “हे मोजे मी ठेवू का? आठवण म्हणून?”

“अजिबात नाही. पुढच्या वर्षीही पाऊस असेलच. मला लागतील.”

क्लेमने ते मोजे घेतले, पिळले आणि पिशवीत घातले.

“गरम पाण्यात धुऊ नकोस हं,” हिल्डा म्हणाली. “आटतील.”

“नाही धुणार,” तो म्हणाला.