नेल्दाची दारातली खुर्ची

लापोने नेल्दाची खुर्ची करवतीने उभी चिरली. आधी हे सांगते. बाकीचं सगळं याच्या पुढेमागे आहे.

नेल्दा बुच्ची आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. मी तिसऱ्यावर. फ्लॉरेन्समध्ये, नदीच्या या अंगाला. ती त्याच घरात जन्मली. आयुष्यभर एका धोबीखान्यात हॉटेलांच्या चादरींना इस्त्री केली. नवरा ओतेल्लो बस चालवायचा. तो गेला. मूलबाळ नाही. गुडघे गेले आहेत. जीभ शाबूत आहे. मी साहित्याची पदवी घेतली तेव्हा ती म्हणाली, "छान झालं, पोरी. आता कुणीतरी तुला जेवायला घालणारा शोध."

उन्हाळ्यात आमच्या भिंती दिवसभर तापतात आणि रात्रभर निवत नाहीत. म्हणून जेवणं आटोपली की माणसं खुर्ची घेऊन खाली येतात आणि आपापल्या दाराशी बसतात. आपली खुर्ची, आपलं दार. दुसऱ्याच्या खुर्चीवर कुणी बसत नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. पूर्वी गल्लीभर खुर्च्या असायच्या. आता घरं सुट्टीवर येणाऱ्यांना दिली जातात आणि खुर्च्या दोनच उरल्या होत्या. एक नेल्दाची, दुसरी समोरच्या ब्रुनेत्तोची. तो म्हातारा चांभार. मी पायरीवर बसायचे.

नेल्दाला चौथ्या मजल्याच्या घरात दुसरं काही नाही. एक रेडिओ आहे, तो खरखरतो. दारातला तो तासाभराचा वेळ, तेवढंच तिचं माणसांत असणं. गुडघे गेल्यापासून खुर्ची खाली जिन्याखालीच असायची. गवताने विणलेली, जुनी. बैठक तिने स्वतः परत विणली होती. ती कुणाची, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

जुलैमध्ये पहिल्या मजल्यावर बेल्जियमचं कुटुंब आलं. आई, बाप, दोन मुली. दिवसभर चित्रं आणि पुतळे पाहून मुली लंगडत परतायच्या. पहिल्याच संध्याकाळी नेल्दाने विचारलं, "किती मॅडोना झाल्या आज?" मॅडोना म्हणजे मेरीमातेची चित्रं. मी भाषांतर केलं. धाकटीने बूट काढून पायाचे फोड दाखवले. नेल्दा हसली. "मी इथे जन्मले, त्या चित्रांच्या मोठ्या गॅलरीत एकदाही गेले नाही. माझे पाय बघ, अजून चालतात."

दुसऱ्या संध्याकाळी खुर्ची नव्हती.

नेल्दाने जिन्याखाली पाहिलं. दारामागे पाहिलं. मग दारात येऊन उभी राहिली.

"कुणीतरी नेली असेल. आणून देईल."

"चोरीला गेली असेल, सिन्योरा नेल्दा."

"वेडी आहेस का? खुर्ची कोण चोरतं?"

ती वाट पाहत उभी राहिली. समोरून ब्रुनेत्तो ओरडला, "काय गं, आज पहारा देतेस?"

तेवढ्यात बेल्जियमची बाई खाली आली. काय शोधताय, म्हणाली. मी खुर्चीचं वर्णन केलं. तिचा चेहरा उतरला. "वर या," म्हणाली.

त्यांच्या न्हाणीघरात भिंतीवर अर्धी खुर्ची होती. मधोमध उभी कापलेली. दोन पाय, अर्धी पाठ, अर्धी बैठक. स्क्रूने बसवलेली. तिच्यावर टॉवेल.

त्या भिंतीबद्दल मला अजूनही नीट बोलता येत नाही.

नेल्दाने विचारलं, "यावर टॉवेल ठेवतात?"

"हो."

"ओले?"

बाईला रडू आलं. तिचा काही दोष नव्हता. दुपारी त्यांचं न्हाणीघर "सजवून" दिलं होतं, लापोने. दुसरा अर्धा भाग दुसऱ्या मजल्यावर.

लापो याच इमारतीत वाढला. आता तो इथली घरं भाड्याने लावतो. नेल्दाचं आणि माझं सोडून सगळी. आम्ही परत खाली दाराशी आलो. मी त्याला फोन केला. तो आला, इस्त्रीच्या शर्टात.

"सिन्योरा नेल्दा, मला वाटलं टाकून दिलीय. पडून होती जिन्याखाली."

"पडून? लापो, तुझी आई कामावरून उशिरा यायची. त्याच खुर्चीवर तुला मांडीवर घेऊन पाव-तेल भरवलंय मी."

"मी नवी आणून देतो ना. घडीची. हलकी असते."

"समुद्रावरची देतोस का रे?" ब्रुनेत्तो ओरडला. "छत्रीही दे तिला! आणि बादली-फावडं!"

लापोचे कान लाल झाले. "हे बघा, तसंही रस्त्यावर खुर्ची टाकायला परवाना लागतो. पाहुणे तक्रार करतात."

"कोण पाहुणे?" मी ओरडले. "हे? ही बाई रडतेय!" शेजारच्या खानावळीची टेबलं रस्त्याच्या मध्यापर्यंत आली होती. मी तिकडे हात केला. "आणि ते?"

"त्यांच्याकडे परवाना आहे."

त्याने हे शांतपणे सांगितलं. त्याला खरंच वाटत होतं की हे उत्तर आहे. एवढा राग मला कधी आला नव्हता. चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं.

नंतर रोज संध्याकाळी बेल्जियमची बाई जेवणाच्या टेबलाची खुर्ची खाली आणायची. नेल्दा आभार मानायची आणि बसायची नाही. "ही तुमची. तुम्ही बसा. सुट्टी आहे तुमची." मुली बसायच्या. नेल्दा भिंतीला टेकून उभी. ब्रुनेत्तो स्वतःची खुर्ची उचलून रस्ता ओलांडून आला, तेव्हा त्यालाही परत पाठवलं.

"हट्टी म्हातारी," तो म्हणाला.

"तुझ्या खुर्चीला चामड्याचा वास येतो," ती म्हणाली.

शनिवारी बेल्जियमचं कुटुंब गेलं. संध्याकाळी लापो नवं कुटुंब घेऊन आला. चाकांच्या बॅगा दगडांवर खडखडत होत्या. नेल्दा दारात उभी होती. भिंतीशी नाही. मधोमध.

"सिन्योरा, जरा वाट द्या."

"बसत होते तेव्हा बाजूला बसत होते. तुझे पाहुणे आले-गेले, कधी कुणाला आडवी आले नाही. आता उभी आहे. उभं माणूस दारातच राहतं."

"ही माणसं दमलीत हो. प्रवास करून आलीत."

"मग तुझ्या घरी ने."

मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ब्रुनेत्तोही आला. बॅगा थांबल्या. नव्या कुटुंबाचा बाप लापोकडे पाहू लागला. लापोने आवाज खाली आणला, लहानपणी आणायचा तसा.

"नेल्दा, ऐक ना. उद्या खुर्ची आणतो. चांगली. गवताचीच. आईशप्पथ."

"तीच आण."

"ती कशी आणू?"

"ते मला काय विचारतोस," नेल्दा म्हणाली, आणि दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली.