खिशातला उपदेश

एकही उपदेश न देता उपदेशक म्हणून गाजलेला अख्ख्या पालघर तालुक्यात एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या हिचा मामा निघाला. मामा बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि सालवडला आमच्यापासून दोन खोल्या सोडून राहायचे. आमच्या ख्रिस्ती मंडळीत पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी सभासदांपैकी कुणाला तरी उपदेशाला उभं करत. मामांनी आपला उपदेश लग्नाआधीच लिहून ठेवला होता म्हणे. विषय होता, 'प्रभूने मला कशासाठी जन्माला घातलं'. चार घड्यांचा तो कागद कायम शर्टाच्या खिशात असायचा. शर्ट धुवायला पडला की कागदाची बदली दुसऱ्या खिशात.

अडचण एवढीच, की मामांना हातपंप दुरुस्त करता यायचा. रेल्वे फाटकापलीकडच्या पाड्यांवर पंप आले होते, पण बिघडले की तिकडे कोण फिरकतंय! फिटरला रविवारी सुट्टी असते हे मात्र सगळ्या पाड्यांना पाठ. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, सायकलवर टांग टाकून चर्चला निघाले की नाक्यावर कुणी ना कुणी बाई उभी असायचीच. "फिटर, पंपाला पानी नाय. पोरी वढ्यावर गेल्यात." मामा आधी घड्याळाकडे बघायचे, मग आभाळाकडे, आणि सायकल वळवायचे. चर्चच्या दारात उगवायचे ते थेट शेवटच्या गीताला, कोपरापर्यंत ग्रीस माखून. तोवर जावई म्हणून त्यांच्या जागी मला उभं केलेलं असायचं आणि मी एखादं स्तोत्र वाचून वेळ मारून नेलेली असायची. मला भयंकर राग यायचा. एकदा विचारलंच, "मामा, एक रविवार नाही म्हणता येत नाही?" तर म्हणाले, "दर शनिवारी ठरवतो, जावईबापू. पण तहानलेल्या माणसाला थांब म्हणायला जीभ रेटत नाही हो."

आम्ही हसायचो, पण त्यांच्या मनाला ते लागून राहिलं होतं. एका संध्याकाळी ओट्यावर बसल्या बसल्या हळूच म्हणाले, "प्रभूने मला एक निरोप दिलाय लोकांना सांगायला. वर गेल्यावर विचारतील, सांगितलास का? तेव्हा काय, पंप दुरुस्त करत होतो म्हणू?"

निवृत्त झाले तोवर दम्याने त्यांना पार पोखरलं होतं. डॉक्टरांनी सायकल बंद केली. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "आता उशीर नको. या रविवारी त्यांना उभं करायचंच. वाटेत कुणाच्या हाती लागू देऊ नका." मी मामांना स्कूटरवर घातलं आणि नाका टाळून शेतातल्या वाटेने आणलं. मामा उभे राहिले. चष्मा लावला, कागद उलगडला, "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणाले, आणि दारात एक बाई धापा टाकत येऊन थांबली.

"फिटर हाय का? घरी गेली, तर इथं हाय सांगितला."

मामांनी कागदाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिथूनच विचारलं, "दांडा हलतो का?"

"हालतो. पानी नाय."

"म्हणजे वायसर गेलं," मामा म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

आता पाळकसाहेब चिडणार, असं मला वाटलं. ते उठले, मामांच्या बाकाखालची पिशवी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. त्या दिवशीसुद्धा गृहस्थाने पान्हा बरोबर आणला होता! पाळकसाहेब म्हणाले, "बरोबर जा. त्यांना ओझं उचलू देऊ नका." पाड्यावर मामा दगडावर बसून हुकूम सोडत होते आणि पंपाचे पाइप वर ओढत होतो मी आणि तिथल्या चार बाया. दुपारी पाणी आलं. मामांनी ओंजळभर तोंडावर मारलं, थोडं प्यायले आणि म्हणाले, "चला. आता वर विचारलं तरी हरकत नाही."

त्याच वर्षी नाताळाआधी मामा प्रभूकडे गेले. पाड्यांवरून इतकी माणसं आली की चर्चमध्ये मावेनात. कागद आम्ही त्यांच्या खिशातच राहू दिला. हल्ली उपदेशाच्या यादीत माझं नाव असतं. मीही इस्त्रीचा शर्ट घालून निघतो, मुद्दाम नाक्यावरूनच जातो, आणि अगदी वेळेवर पोचतो. मला कुणी थांबवत नाही.